गच्चीवरचा ब्लॉग, पुरवणीतला लेख

करार एका पानाचा होता आणि त्यातली कामाची ओळ एवढीच : दर महिन्याला चार ब्लॉग, एक आर्टिकल. सोबत एक्सेलचा तक्ता. ब्लॉगसमोर आठशे शब्द, आर्टिकलसमोर पंधराशे, आणि दोन्हींचे दर वेगळे. मी एका मराठी वृत्तपत्राच्या पुरवणी विभागात बरीच वर्षं काढून नुकतीच बाहेर पडले होते, त्यामुळे शब्द मोजून लिहिणं मला नवीन नव्हतं. तिथे मात्र शब्द मोजायचे ते पानावरच्या जागेसाठी, इथे बिलासाठी.

कंपनी दादरची. इमारतदुरुस्ती आणि वॉटरप्रूफिंग हा धंदा. साहेबांनी शून्यातून उभी केलेली, आणि आता एमबीए करून आलेली त्यांची मुलगी तिला इंटरनेटवर आणायच्या खटपटीत. पहिल्याच बैठकीत मी तिला विचारलं की, ब्लॉग आणि आर्टिकल यात तू फरक काय धरतेस?

“ताई, ब्लॉग कॅज्युअल, आर्टिकल फॉर्मल,” ती म्हणाली. “ब्लॉगमध्ये ‘तुम्ही’ म्हणून बोलायचं. आर्टिकलमध्ये नियम, आकडे, एक्स्पर्टचं म्हणणं. आणि ते मोठं असतं.”

यात चूक काही नव्हती. कन्टेंट मार्केटिंगच्या कुठल्याही कोर्समध्ये हेच सांगतात : ब्लॉग आखूड, आर्टिकल लांब, ब्लॉगमध्ये मत, आर्टिकलमध्ये माहिती, ब्लॉग स्वतःच्या वेबसाइटवर, आर्टिकल दुसऱ्याच्या छापील किंवा ऑनलाइन प्रकाशनात. पण हे सगळं लिहून झालेल्या मजकुराचं वर्णन झालं. कोऱ्या पानासमोर बसलेल्या माणसाला ते काही मदत करत नाही.

मग तिने कीवर्डची, म्हणजे लोक गूगलवर जे टाइप करून शोधतात त्या शब्दांची, यादी पाठवली. ही यादी वाचायला मला पहिल्या दिवसापासून आवडलं. ‘छतातून पाणी गळणे उपाय’. ‘टेरेस वॉटरप्रूफिंग खर्च’. ‘भिंतीला ओल आली काय करावे’. ‘स्ट्रक्चरल ऑडिट किती वर्षांनी’. ‘वरच्या फ्लॅटमधून गळती खर्च कोणाचा’. पुरवणीत असताना वाचकाला काय हवंय याचा आम्ही अंदाज बांधायचो. फार तर चार पत्रं यायची, तीही बहुतेक शुद्धलेखनाबद्दल. इथे माणूस रात्री छताकडे बघत स्वतःच्या शब्दांत विचारतोय आणि त्याचा प्रश्न जसाच्या तसा आपल्यापर्यंत येतोय.

यादी दोन-तीनदा वाचल्यावर त्यात दोन जातींचे प्रश्न दिसायला लागले. एक, ज्याच्या घरात आत्ता बादली लावलेली आहे त्याचे. त्याला कुणीतरी जाणता माणूस हवाय, जो म्हणेल, असं असं बघा, घाबरू नका, हे आधी करा. आणि दुसरे, जे सोसायटीच्या सभेत हातात कागद घेऊन विचारले जातात. तिथे जाणत्या माणसाच्या बोलण्याला किंमत नसते. तिथे कुणी तरी “हे कुठे लिहिलंय?” असं विचारणारच असतं. ‘छतातून पाणी गळणे’ पहिल्या जातीतलं. ‘स्ट्रक्चरल ऑडिट किती वर्षांनी’, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी कधी करायची, हे दुसऱ्या. मी यादीवर दोन रंगांत खुणा केल्या आणि तक्ता तूर्त बाजूला ठेवला.

पहिल्या जातीसाठी जाणता माणूस शोधावा लागला नाही. कंपनीचे मुकादम. सगळे त्यांना मामा म्हणतात. मूळचे कोकणातले, साहेबांबरोबर अगदी सुरुवातीपासून. मे महिन्यात विलेपार्ल्याच्या एका सोसायटीच्या गच्चीवर त्यांचं काम चालू होतं, तिथे मी जाऊन बसले. बसले म्हणजे पाण्याच्या टाकीच्या सावलीत. बाकी गच्चीवर पाय ठेवायची सोय नव्हती.

मामा हातोडीच्या दांड्याने कोबा ठोकत चालले होते. ठक, ठक, ठक, आणि मग एकदम वेगळा आवाज. “हे पोकळ बोलतंय,” म्हणून खडूने गोल. मुंबईतल्या जुन्या गच्च्यांवर बहुतेक ब्रिकबॅट कोबा असतो : विटांचे तुकडे उताराने बसवायचे, सिमेंटच्या मसाल्याने भरायचे, वर घोटून गुळगुळीत करायचं. नीट केला तर वर्षानुवर्षं टिकतो. पण या गच्चीवर जुन्या कोब्यावर नवा, त्यावर आणखी एक, असे थर चढले होते. गळायला लागलं की कमिटी बदलते आणि नवी कमिटी वरून आणखी एक थर देते, असं मामांचं निरीक्षण. प्रत्येक थराचं वजन खालच्या स्लॅबवर कायमचं येतं, याचा हिशोब कुणी धरत नाही.

मग त्यांनी मला कठड्याच्या कडेने फिरवलं. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथे कारागीर गोलाई करतात, तिला ते वाटा म्हणतात. तो ठिकठिकाणी सुटला होता. पावसाळी पाइपाच्या तोंडाशी प्लास्टिकच्या पिशव्या. आणि डिश अँटेनाचे स्टँड. गच्चीत सरळ बोल्ट मारून बसवलेले. “वॉटरप्रूफिंगला भोक पाडून टीव्ही बघतात,” मामा म्हणाले, “आणि मग टीव्हीवरच पाणी पडतं.”

गळती शोधायची त्यांची रीत मी फोनवर रेकॉर्ड केली. पाइपांची तोंडं बंद करून गच्चीत पाणी साठवायचं, कठड्यावर पेन्सिलने पातळीची रेघ मारायची, ४८ तास थांबायचं, खालच्या मजल्यावर छत बघत राहायचं. उन्हाळ्यात पाणी उन्हानेही उतरतं, म्हणून मामा शेजारी एक भरलेली बादली ठेवतात आणि तिच्यातही रेघ मारतात. बादलीतलं उतरलं त्याहून गच्चीतलं जास्त उतरलं, तर पाणी खाली जातंय. आणि जिथे डाग दिसतो तिथेच वर फोडायला सांगणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. “पाणी दिसतं तिथे शिरलेलं नसतं, मॅडम. ते स्लॅबमधून चालत येतं. आलं कुठून ते विचारायचं.”

यातून पहिला ब्लॉग झाला. मी त्यात मामांची वाक्यं शक्य तितकी त्यांच्याच तोंडची ठेवली, फोनवर काढलेले फोटो लावले, खडूच्या गोलांचा, बादलीचा. लिहिता लिहिता तो तेराशे शब्दांवर गेला. मुलीने विचारलं, “ताई, हे आर्टिकलमध्ये धरू का?” साहेबांचा आक्षेप वेगळाच होता. “भाषा जरा शुद्ध करा. ‘पोकळ बोलतंय’ काय? ‘ध्वनीवरून पोकळी ओळखता येते’ असं लिहा. कंपनीचं नाव आहे वर.”

मी त्यांना दोन्ही वाक्यं मोठ्याने वाचून दाखवली. ध्वनीवरून पोकळी ओळखता येते, हे कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात येऊ शकतं. ते वाचून कुणाला फोन करावासा वाटणार नाही, कारण ते कुणीच बोललेलं नाही. ‘हे पोकळ बोलतंय’ म्हणणारा माणूस मात्र गच्चीवर उभा राहिलेला आहे. साहेबांना पूर्ण पटलं नाही, पण मामांचा फोटो वेबसाइटवर येतोय याचा त्यांना आनंद झाला आणि वाक्य राहिलं.

ब्लॉग लागला आणि काही दिवसांत एका जुन्या इमारतीच्या सेक्रेटरींचा फोन आला. आमची इमारत साठीला आली, तुमचं वाचलं, आम्हीपण गच्चीत पाणी भरून बघू का? हा प्रश्न मी कंपनीच्या इंजिनियर सरांकडे नेला. ते एकदम सावध झाले. एक इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला साधारण २५ किलो. चार इंच भरलं तर १००. चांगल्या स्लॅबला ते काही नाही, पण स्लॅबची सळई आधीच गंजलेली असेल तर तिच्यावर स्वतःहून वजन चढवायचं कशाला? त्यांनी सांगितलेलं उत्तर मी त्याच संध्याकाळी ब्लॉगच्या वरच्या भागात घातलं, तारखेसह. नंतर असंच आणखी तीन-चार प्रश्नांचं झालं. कुणी विचारलं सोलर हीटरचे स्टँड काढून बसवायचे का, कुणी विचारलं निळी ताडपत्री घातली तर चालेल का, आणि दर वेळी एक परिच्छेद वाढला. आज तो ब्लॉग सुरुवातीला लिहिला त्याच्या जवळपास दुप्पट आहे. छापील लेखाचं असं कधी होत नाही.

ते मला दुसऱ्या रंगाच्या खुणांनी दाखवलं.

स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय मी मुद्दाम वेबसाइटसाठी न घेता एका वृत्तपत्राच्या मालमत्ताविषयक पुरवणीसाठी घेतला. तिथल्या संपादकांनी अटी सांगितल्या, त्या मला पाठच होत्या, पलीकडच्या बाजूने मी त्या शेकडो लोकांना सांगितल्या होत्या. लेख आधी कुठेही प्रसिद्ध झालेला नको. लेखक म्हणून नाव माणसाचं, कंपनीचं नाही. मजकुरात कंपनीचा उल्लेख नाही. शेवटी एका ओळीत लेखकाचा परिचय, त्यात काय ते. आणि जागा नऊशे शब्दांची. म्हणजे तक्त्याच्या हिशोबाने ब्लॉग तेराशेचा आणि आर्टिकल नऊशेचं, सगळंच उलटं. मुलीने तो तक्ता पुन्हा काही उघडून दाखवला नाही.

लेखावर नाव इंजिनियर सरांचं जाणार होतं, म्हणून लिहिण्याआधी त्यांच्यासमोर बसले. ब्लॉगच्या वेळी मामा बोलत होते आणि मी टिपत होते. इथे मी लिहीत होते आणि सर खोडत होते. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चं कलम ३५३ब : ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनियरकडून तपासणी. ती ३० वर्षं नेमकी कुठून मोजायची, भोगवटा प्रमाणपत्रापासून की लोक राहायला आल्यापासून, यावर सरांनी मला कायद्याचा मूळ मजकूर उघडून वाचायला लावला. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींचं वेळापत्रक वेगळं : १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट ५ वर्षांतून एकदा, ३० च्या पुढे गेलेल्या इमारतीचं ३ वर्षांतून एकदा. शहर भागातल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींची गोष्ट आणखी निराळी, तिथे म्हाडाचं दुरुस्ती मंडळ येतं. हे तीन धागे वेगळे ठेवले नाहीत तर गिरगावातल्या चाळीत राहणारा आणि मुलुंडच्या सोसायटीत राहणारा, दोघंही तोच लेख वाचून दोन चुकीच्या दारांत जाऊन उभे राहतील.

काँक्रीटमधली सळई का गंजते हा परिच्छेद मला फार रंगवायचा होता. ताजं काँक्रीट चांगलंच अल्कधर्मी असतं आणि तो अल्कपणाच सळईला गंजापासून जपतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत तो कमी करत नेतो. मुंबईत त्यात समुद्रावरच्या हवेतले क्षार. संरक्षण गेलं की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि आतून रेटा बसून वरचं काँक्रीट फुटून पडतं. बाल्कनीच्या खाली सळया उघड्या दिसतात त्या यामुळे. सरांनी हे सगळं चार वाक्यांत बसवलं. शिवाय माझ्या मसुद्यातले ‘नेहमी’, ‘सर्वांत उत्तम’ आणि ‘खात्रीने’ हे तिन्ही शब्द जिथे जिथे होते तिथून गेले. “यावर माझी सही आहे,” सर म्हणाले. “उद्या कुणी हा कागद माझ्यासमोर धरला तर मला मान खाली घालावी लागता कामा नये.”

साहेबांना मसुदा दाखवला तेव्हा त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि कागद उलटा करून मागे बघितलं. “यात आपण कुठे आहोत?”

“शेवटच्या ओळीत. सरांच्या परिचयात.”

“म्हणजे आपण फुकट शिकवायचं आणि काम दुसऱ्याने घ्यायचं?”

प्रश्न रास्त होता आणि अजूनही आहे. तिसऱ्या परिच्छेदात कंपनीबद्दल दोन वाक्यं घालावीत असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं, घालता येतील, पण मग तो मजकूर संपादकीय विभागाकडून जाहिरात विभागाकडे जाईल, तिथून दरपत्रक येईल आणि छापताना वर ‘जाहिरात’ असं लिहिलेलं असेल. त्यातही गैर काही नाही, पुष्कळ कंपन्या करतात. पण सभेत कागद धरणारा माणूस तो कागद धरणार नाही. लेखातून कंपनीचं नाव पुसलं तरी तो तेवढाच उपयोगी राहायला हवा. ब्लॉगमधून मामांना पुसलं तर मागे काही राहत नाही. माझ्या लेखी फरक हा आहे, आणि तो शब्दसंख्येत कुठेच पकडता येत नाही.

साहेब मूळचे सांगली जिल्ह्यातले. म्हणून मी किर्लोस्करवाडी काढली. १९२० साली किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं ते कारखान्याची खबरबात लोकांपर्यंत पोचवायला. शंकरराव किर्लोस्कर संपादक. पण ते नुसतं नांगराचं कौतुक करत बसलं असतं तर कुणी वाचलं नसतं. त्यात वाचण्यासारखं येत गेलं, वाचक टिकला, आणि पुढे ते स्वतंत्र मासिक म्हणून महाराष्ट्रभर गेलं. त्याच घरातून १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघालं. ज्यांना लोखंडी नांगर कधी विकत घ्यायचाच नव्हता अशा किती घरांत किर्लोस्कर हे नाव त्यामुळे पोचलं. योगायोग असा की अमेरिकेत या प्रकाराचं उदाहरण म्हणून ज्याचं नाव सगळ्यांत आधी घेतात ते जॉन डिअर कंपनीचं ‘द फरो’, १८९५ पासून निघणारं, तेही नांगरवाल्यांचंच.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. “किर्लोस्करांकडे थांबायला वेळ होता,” ते म्हणाले. “मला जूनच्या आत कामं हवीत.” पण तिसऱ्या परिच्छेदाचा हट्ट सोडला.

लेख शनिवारी आला. मथळा बदललेला, शेवटचे दोन परिच्छेद गायब. मी मनात काही धरलं नाही. पान लावताना ऐन वेळी जाहिरात आली की उपसंपादक काय करतो हे मी जाणून आहे, मीही तळाकडूनच कापायचे. म्हणूनच उपविधींची वर्षं मी मसुद्यात वर घेतली होती, ती वाचली. गेले ते काँक्रीटची मजबुती तपासणाऱ्या चाचण्यांचे परिच्छेद, रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक. सरांना त्याचं दुःख झालं. त्यांनी मला विचारलं, “आता बदलता नाही का येणार?” छापलेलं पान बदलता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतंच, तरी विचारलं.

मग वेबसाइटवरचा घोळ. पुरवणीच्या संपादकांकडून मेलवर परवानगी घेतली, काही आठवडे जाऊ दिले आणि कापलेले परिच्छेद परत जोडून लेख आपल्याकडे घेतला, खाली ‘या लेखाची संक्षिप्त आवृत्ती आधी वृत्तपत्रात प्रसिद्ध’ अशी नोंद देऊन. वेबसाइट सांभाळणारा मुलगा गोरेगावचा, कामात चोख, बोलायला कमी. त्याने विचारलं, “हे पोस्ट म्हणून टाकू की पेज म्हणून?” वर्डप्रेसमध्ये या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोस्ट तारखेच्या क्रमाने लागते, नवी आली की जुनी खाली सरकते. पेज आपल्या जागी राहतं. मामांचे ब्लॉग पोस्ट, ऑडिटचा लेख पेज, असं ठरलं, कारण मामांच्या गच्चीला महिना असतो, नियमाला नसतो.

मी त्याला विचारलं की, गूगलला आपण हे ब्लॉग आहे, हे आर्टिकल आहे असं वेगळं सांगतो का? त्याने स्कीमाची, म्हणजे पान कुठल्या प्रकारचं आहे हे गूगलला सांगणाऱ्या लेबलांची, यादी उघडून दाखवली. ‘ब्लॉगपोस्टिंग’ हा प्रकार तिथे ‘आर्टिकल’च्याच पोटात आहे. कुठलंही लावलं तरी केवळ त्या लेबलामुळे कुणी वर जात नाही. मग त्याने गूगलचीच आणखी एक सूचना दाखवली, जी मी लगेच मुलीला पाठवली. गूगलला अमुकच शब्दसंख्या आवडते असं समजून तुम्ही लिहिता का, असा प्रश्न त्यांनीच मांडलाय आणि शेजारी उत्तरही दिलंय : आम्हाला अशी आवड नाही. त्याच पानावर दुसरी एक गोष्ट आहे, जी या धंद्यात सर्रास चालते : मजकुरात काही न बदलता नुसती तारीख पुढे करून पान ताजं भासवणं. आमच्याकडेही दर १ जानेवारीला सगळ्या तारखा बदलाव्यात अशी सूचना आली होती. मी नाही म्हटलं. लेखाच्या पानावर ‘शेवटची तपासणी’ अशी ओळ आहे, आणि ती सरांनी नियम पुन्हा वाचल्यावरच बदलते.

एक अडचण मात्र दोन्हीकडे सारखी आली. कंपनीच्या जुन्या माहितीपत्रकात ‘गळती १००% बंद, आजीवन हमी’ असं ठळक अक्षरात होतं आणि साहेबांना ते ब्लॉगच्या शेवटी हवं होतं. छापील पुरवणीत ते गेलंच नसतं. पण स्वतःची वेबसाइट म्हणजे स्वतःचं अंगण, तिथे काहीही लिहावं, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. तसं नाही. केंद्र सरकारची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, १९८५ पासून मुंबईतच असलेली जाहिरातींची मानक परिषद, ॲस्की, आहे. दावा केला की पुरावा हवा, मग तो फलकावर असो नाही तर ब्लॉगच्या तळाशी. हे मी सांगून साहेबांनी फार मनावर घेतलं नाही. मामांनी एका वाक्यात काम केलं. “साहेब, आजीवन म्हणजे कुणाचं आजीवन? बिल्डिंगचं की माझं?” ओळ गेली. तिच्या जागी कुठल्या कामाला किती वर्षांची हमी आणि ती कशाने रद्द होते, एवढंच आहे. रद्द होण्याच्या कारणांत डिश अँटेनाचा बोल्ट पहिला.

जूनमध्ये फोन सुरू झाले. ब्लॉग वाचून येणारा फोन ओळखू येतो. “ते बादली ठेवणारे काका येतील का बघायला?” असा तो असतो. माणूस घाबरलेला असतो, किंमत नंतर विचारतो. मुंबईत पाऊस म्हटलं की प्रत्येकाच्या मनात २६ जुलै २००५ असतो, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. त्या दिवसाची आठवण काढत बोलणारेही पुष्कळ. यातले निम्मे फोन कामाचे नसतात, भाड्याच्या घरातले असतात किंवा कंपनी जात नाही अशा लांबच्या ठिकाणचे. तरी जुलै संपेपर्यंत मामांना फुरसत नव्हती.

लेखाचं काहीच झालं नाही. जून गेला, गणपती गेले. साहेब अधूनमधून “तुमचे किर्लोस्कर काय म्हणतात?” असं विचारायचे. दिवाळीनंतर मुलुंडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी ऑफिसात आले, हातात त्या शनिवारच्या पानाची झेरॉक्स, उपविधींच्या वर्षांवर हायलाइटर फिरवलेला. ती झेरॉक्स त्यांनी वार्षिक सर्वसाधारण सभेत वाटली होती आणि ऑडिटचा ठराव मंजूर करून घेतला होता. त्यांना सर सभासदांशी बोलायला हवे होते. सर गेले, दोन तास प्रश्नांची उत्तरं देऊन आले. दुरुस्तीच्या कामाला सोसायटीने रीतसर तीन ठिकाणची कोटेशनं मागवली आणि काम दुसऱ्याच कंपनीला गेलं.

साहेब यावर काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण त्याच सभेला आलेल्या एका सभासदाचा भाऊ चेंबूरच्या सोसायटीत खजिनदार निघाला, आणि तिथलं ऑडिट सरांकडे आलं. हे लेखामुळे झालं की सरांच्या दोन तासांमुळे, की भावामुळे, हे मुलीच्या कुठल्याच डॅशबोर्डवर दिसत नाही. ब्लॉगचं दिसतं : किती जणांनी पाहिलं, किती जणांनी फोनच्या बटणावर बोट ठेवलं. त्यामुळे बजेटच्या बैठकीत ब्लॉग जिंकतो आणि लेखासाठी दर वेळी भांडावं लागतं. मला वाटतं हे असंच राहणार. शब्दामागे पैसे ही पद्धत तेवढी आम्ही बंद केली, कारण तिने मजकूर फुगतो. आता कामामागे पैसे आहेत आणि लेखाचे जास्त आहेत, लांबीमुळे नाही तर खोडण्यामुळे.

सध्या यादीतल्या शेवटच्या प्रश्नावर अडकलोय. वरच्या फ्लॅटमधून गळती, खर्च कोणाचा? आदर्श उपविधींत ढोबळ उत्तर आहे : गच्चीची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने बघायची, संडास-सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित फ्लॅटधारकांनी करायचा. पण ‘संबंधित’ म्हणजे वरचा की खालचा, यावर तर सगळी भांडणं आहेत. सर म्हणतात, “पाणी कुठून येतंय ते मी सांगीन, पैसे कुणी द्यायचे यावर माझी सही नको.” मामांकडे किस्से भरपूर आहेत, फक्त त्या सगळ्यांत वरच्या मजल्यावरचा माणूसच दोषी असतो. मामांचा ब्लॉग मी लिहून ठेवलाय, न्हाणीघराची फरशी न फोडता रंगीत पाणी सोडून गळती कशी शोधायची यावर. खर्चाबद्दल त्यात एक अक्षर नाही. लेखासाठी साहेबांच्या ओळखीच्या एका वकीलबाईंना विचारलं, त्या नाव द्यायला तयार आहेत. काल त्यांनी मसुदा परत पाठवला, तीन ठिकाणी लाल खुणा करून. त्यातल्या दोन मान्य. तिसरीत त्यांनी ‘सोसायटीने मध्यस्थी करावी’ हे माझं वाक्य पूर्ण काढून टाकलंय आणि ते मला पटलेलं नाही, म्हणून उद्या कोर्ट सुटल्यावर त्यांना फोन करणार आहे.